सांध्याचे विकार : स्टेनलेस पोलाद आणि बीड

वैशाखाचें ऊन पंचेचाळीस अंशांवर चढलेलें असावें, काटोलकडच्या एखाद्या बागेंत आंबिया बहाराचीं सुपारीएवढीं संत्रीं झाडांवर असावीं, आणि नेमका त्याच सकाळीं विहिरीवरील पंपाच्या बिडाच्या अंगाला तडा जावा, हा प्रसंग विदर्भांतील बागाइतदाराला अपरिचित नाहीं. अशा दिवसांत पाणी आठवडाभर तुटलें कीं फळ गळूं लागतें, आणि वर्षाची कमाई झाडाखालीं सडते. म्हणून तो पंप उतरवून गाडींत घालतो आणि नागपुरांतील वेल्डिंगच्या दुकानासमोर येऊन उभा राहतो. "मिस्त्री, तासाभरांत लावून द्या, संध्याकाळीं पाणी सोडायचें आहे," एवढेंच त्याचें मागणें असतें. मिस्त्री त्याचा चेहरा पाहतो, हातांतील काम बाजूला ठेवतो, रॉड चिमट्यांत धरतो आणि तडा भरून देतो. सांधा दिसावयास सुरेख असतो. परंतु पंप गाडींत चढवण्यापूर्वींच 'टण्' असा बारीक आवाज होतो, आणि भरलेल्या तड्याच्या शेजारीं, केसाएवढ्या रुंदीचा, दुसरा तडा उमटलेला दिसतो.

त्याच दुकानांत त्याच आठवड्यांत एखादा दूधवाला आपली स्टेनलेसची टाकी घेऊन येतो. तिचा तळ सुटलेला असतो. मिस्त्री तोहि जोडून देतो. तेथें कांहींच आवाज होत नाहीं. टाकी पाणी धरते, गिऱ्हाईक संतुष्ट होऊन जातें. मात्र कांहीं महिन्यांनीं सांध्याच्या दोन्ही अंगांस तपकिरी रेघा दिसूं लागतात, त्या रेघांतून बारीक छिद्रें पडतात, आणि ज्या पोलादाला गंज चढत नाहीं म्हणून अधिक पैसे मोजले, तेंच नेमकें सांध्यालगत सडतें.

एक सांधा तासाभरांत फुटला, दुसरा महिन्यांनीं कुजला. हात एकच, यंत्र एकच, कसबहि कमी नव्हतें. मग दोष कोणाचा? विचार केला तर असें दिसून येतें कीं, दोष हाताचा नसून ओळखीचा आहे. मिस्त्रीनें दोन्ही धातूंना साध्या लोखंडाप्रमाणें वागवलें, आणि त्या दोघांपैकीं एकहि साध्या लोखंडाच्या स्वभावाचा नाहीं. 'व्यक्ति तितक्या प्रकृति' ही म्हण माणसांपुरतीच खरी नाहीं. ती धातूंनाहि लागू आहे. वैद्य नाडी पाहिल्याशिवाय मात्रा देत नाहीं. त्याचप्रमाणें धातु ओळखल्याशिवाय ज्योत पेटवूं नये, हा या विद्येचा पहिला धडा होय.

नागपूर शहराचा बिडाशीं परिचय जुना आहे. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल येथें सुरू झाली. त्या काळच्या गिरण्यांतील यंत्रांच्या चौकटी व चाकें बिडाचींच असत. मोतीबागेच्या कार्यशाळेंत अरुंदमापी रेल्वेच्या गाड्या दुरुस्त होत. त्या रेल्वेच्या आठवणी २००२ सालापासून तेथील संग्रहालयांत जतन करून ठेविल्या आहेत. बीड फुटणें आणि तें पुन्हां कामास लावणें ही विद्या या शहराच्या कारागिरांनीं अशा ठिकाणीं पिढ्यान् पिढ्या गिरवली.

स्टेनलेस पोलाद मात्र वयानें लहान आहे. १९१३ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली हा संशोधक बंदुकीच्या नळीची झीज कमी होईल असें पोलाद शोधीत होता. त्यासाठीं क्रोमियम घालून ओतलेलें एक पोलाद सहसा गंजत नाहीं, असें त्याच्या ध्यानांत आलें. झीज थांबवण्यासाठीं निघालेला शोध गंज थांबवून बसला. आज इतवारींतील भांड्यांच्या बाजारांत पितळेचें राज्य ओसरून त्याच पोलादाची चकाकी दिसते.

या चकाकीशीं नागपूर जिल्ह्याचेंहि एक नातें आहे. उत्तम प्रतीच्या स्टेनलेस पोलादांत शंभरांत सुमारें अठरा भाग क्रोमियम व आठ भाग निकेल असतें. निकेल महाग, आणि भारताला तें बाहेरून आणावें लागतें. म्हणून स्वस्त भांड्यांच्या पोलादांत निकेलाचा बराच भाग काढून त्याच्या जागीं मँगनीज व थोडा नायट्रोजन घालतात. मँगनीज तर नागपूरच्या घरचें! रामटेकजवळील मनसर व कांद्री, आणि सावनेर तालुक्यांतील गुमगांव येथें त्याच्या खाणी आहेत. या भागांत मँगनीज काढण्यासाठीं १८९६ सालीं एक इंग्रजी मंडळी स्थापन झाली, आणि १९६२ सालीं स्थापन झालेल्या 'मॉयल' कंपनीचें मुख्य कार्यालय आजहि नागपुरांतच आहे. हेंच मँगनीज वेल्डिंगच्या कामांत आणखी एक उपकार करतें. पोलादांतील गंधक लोखंडाशीं मिळून लवकर वितळणारा एक पातळ थर करतो, आणि सांधा गोठत असतां त्या थरावर तो तडकतो. मँगनीज त्या गंधकाला आपल्याकडे ओढून घेतें, आणि सांधा वांचतो. म्हणूनच रॉडांतहि तें घातलेलें असतें.

आतां ओळख कशी पटवावी? पुष्कळ दुकानांत लोहचुंबक हाच एक पंच मानला जातो. चुंबक चिकटला नाहीं कीं माल उत्तम, चिकटला कीं हलका, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. निकेलाचें उत्तम पोलाद चुंबकाला दाद देत नाहीं हें खरें. पण मँगनीजाचें स्वस्त पोलादहि दाद देत नाहीं. उलट, केवळ क्रोमियमचें एक स्टेनलेस पोलाद चुंबकाला घट्ट धरतें आणि तरीहि तें गंजाला बऱ्यापैकीं तोंड देतें. वांकवलेल्या किंवा ठोकलेल्या जागीं तर उत्तम पोलादहि थोडेंसें चिकटतें. तेव्हां चुंबकाची साक्ष घ्यावी, पण निकाल त्याच्यावर सोंपवूं नये.

दुसरी साक्ष ग्राइंडरच्या ठिणग्यांची. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब व उजळ जातात. बिडाच्या ठिणग्या तांबूस, आखूड, चाकाजवळच विझणाऱ्या असतात. स्टेनलेसच्या ठिणग्या थोड्या, नारिंगी व कमी फुटणाऱ्या असतात. तिसरी साक्ष छिन्नीची. छिन्नी मारली असतां पोलादाची साल गुंडाळत निघते. बिडाचा मात्र चुरा पडतो. तुटलेल्या कडेवर बोट फिरवलें तर करड्या बिडाची काळी पूड बोटाला लागते, कारण त्याच्या पोटांत ग्रॅफाइट आहे. कड पांढरी शुभ्र, चकचकीत व फार कठीण दिसली तर तें पांढरें बीड समजावें आणि वेल्डिंगचा नाद सोडावा. आणि सर्वांत सोपी चौथी साक्ष गिऱ्हाइकाची. वस्तु कशाची, तींत काय भरत असत, ती पूर्वीं कधीं जोडली होती काय, हें विचारण्यास दाम पडत नाहीं.

ओळख पटली कीं दोन्ही धातूंचा स्वभाव समोर ठेवावा. मग बहुतेक उपाय आपोआप सुचतात. स्टेनलेसला उष्णता थोडी हवी, आणि ती लवकर निघून गेली पाहिजे. बिडाला उष्णता भरपूर व सावकाश चढणारी हवी, आणि ती त्याहूनहि सावकाश उतरली पाहिजे. तसें साधत नसेल तर ती जवळजवळ लागूंच देऊं नये. एकाला जें पथ्य, तेंच दुसऱ्याला विष आहे. पंप आणि टाकी या दोघांची फजिती झाली ती याच कारणानें.

प्रथम स्टेनलेस घेऊं. या पोलादाच्या अंगावर क्रोमियमच्या गंजाचा एक अदृश्य, अत्यंत पातळ पडदा असतो. तो ओरखडला गेला तरी हवेनें पुन्हां धरतो, म्हणून पोलाद डागाळत नाहीं. हा पडदा टिकण्यास शंभरांत निदान साडेदहा भाग क्रोमियम लागतें. दुसरा गुण असा कीं, हें पोलाद साध्या पोलादाच्या मानानें उष्णता सुमारें एक तृतीयांशच वाहून नेतें, आणि तापल्यावर मात्र दीडपट फुगतें. उष्णता एका जागीं सांचते आणि ती जागा फुगते. स्टेनलेसचे बहुतेक विकार या दोन गुणांतून उद्भवतात.

पहिला विकार पत्रा वांकण्याचा. टाकीचा तळ जोडतां जोडतां पत्र्याला लाटा पडतात, कडा एकमेकींपासून दूर पळतात. यावर उपाय म्हणजे आधीं थोड्या थोड्या अंतरावर टांके घालून घ्यावे, व तेहि एका टोकाकडून दुसऱ्याकडे ओळीनें न घालतां समोरासमोर घालावे. मग लहान लहान तुकड्यांनीं, जागा बदलीत सांधा भरावा. शक्य तेथें पाठीमागें तांब्याची पट्टी लावावी. ती उष्णता ओढून घेते. विजेचा प्रवाह साध्या लोखंडाला लागतो त्याहून थोडा कमी ठेवावा, रॉड बारीक घ्यावा, आणि हात हलवीत रुंद पट्टा भरण्याचा मोह टाळून सरळ, अरुंद रेघ ओढावी.

दुसरा विकार दूधवाल्याच्या टाकीचा. हा सर्वांत घातकी, कारण तो त्या दिवशीं दिसत नाहीं. स्टेनलेस पोलाद सुमारें चारशें पंचवीस ते साडेआठशें अंश सेंटिग्रेड या टापूंत फार वेळ राहिलें, तर त्यांतील कार्बन क्रोमियमला धरतो, आणि त्यांचे संयुक्त कण पोलादाच्या दाण्यांच्या सीमेवर सांचतात. सीमेलगतचें क्रोमियम अशा रीतीनें खर्ची पडलें कीं तेथें संरक्षक पडदा धरत नाहीं. सांध्याच्या दोन्ही अंगांचा तो पट्टा बाहेरून चकचकीत, आंतून मात्र निराधार होतो. आम्लाचा किंवा खारट पाण्याचा संसर्ग होतांच तेथूनच कीड लागते. यावर उपाय तीन. पत्रा व रॉड दोन्ही अल्प कार्बनाचे घ्यावे. अठरा-आठ जातीच्या पोलादाला ३०८-एल हा रॉड लावतात, व त्यांतील 'एल' हें अक्षर हेंच सांगतें. दुसरा उपाय, एक थर झाल्यावर लगेच दुसरा न देतां काम सुमारें दीडशें अंशांखालीं उतरूं द्यावें. तिसरा, भरलेलें काम पुन्हां पुन्हां भाजीत बसूं नये. ज्या मिस्त्रीनें सांधा तीनदां भरून सुंदर केला, त्यानें तो तीनदां आजारी पाडला असें समजावें.

तिसरा विकार सांधा गोठत असतां मध्येंच तडकण्याचा. रेघेच्या शेवटीं ज्योत एकदम उचलली कीं तेथें खळगा राहतो, आणि त्या खळग्यांत चांदणीच्या आकाराची भेग पडते. शेवटीं क्षणभर थांबून, हात थोडा मागें नेऊन खळगा भरून काढावा, म्हणजे हा विकार टळतो. तेल, रंग, ग्रीस यांचा अंश राहिला तरीहि भेगा पडतात. गॅल्व्हनाइझ केलेला नळ स्टेनलेसला जोडण्यापूर्वीं त्यावरील जस्त दूरपर्यंत घासून काढावें. वितळलेलें जस्त स्टेनलेसच्या दाण्यांमध्यें शिरून त्याला फोडतें. साध्या लोखंडाचा पाय स्टेनलेसच्या टाकीला लावायचा असेल तर साधा रॉड वापरूं नये. त्यासाठीं ३०९-एल हा अधिक क्रोमियम-निकेलाचा रॉड आहे. साध्या रॉडानें केलेला तसा जोड ठिसूळ होतो आणि पहिल्याच धक्क्यास निखळतो.

चौथा विकार उसन्या गंजाचा. ज्या तारेच्या ब्रशनें सकाळीं लोखंडी खिडकी घासली, त्याच ब्रशनें दुपारीं स्टेनलेस घासलें, कीं लोखंडाचे कण त्यांत रुततात आणि गंज त्या कणांना चढतो. गिऱ्हाईक म्हणतें पोलाद खोटें; वस्तुतः ब्रश खोटा. स्टेनलेससाठीं स्टेनलेसचाच ब्रश व स्वतंत्र चाक ठेवावें, त्यावर खूण करावी, आणि तें दुसऱ्या कामाला देऊं नये. सांध्यालगत उमटलेला निळा-सोनेरी रंग शोभेचा समजून ठेवूं नये. त्याखालचा थर क्रोमियमनें दुबळा झालेला असतो. तो घासून काढावा, किंवा त्यासाठीं मिळणारा आम्लाचा लेप लावावा. परंतु त्या लेपांत हाडापर्यंत जाळणारें आम्ल असतें; रबरी हातमोजे, चष्मा व भरपूर पाणी जवळ असल्याशिवाय त्याचा डबा उघडूं नये.

दुधाच्या किंवा खाद्य पदार्थांच्या भांड्यांत सांध्याच्या पाठीकडे विशेष लक्ष द्यावें. पाठीमागच्या बाजूस हवा लागली कीं तेथें साखर करपल्यासारखा खडबडीत काळा थर होतो. त्या खांचांत दूध अडकतें, नासतें, आणि कितीहि धुतलें तरी वास जात नाहीं. अशा कामीं टंगस्टनच्या सुईची व आर्गॉन वायूची पद्धति वापरून पाठीमागेंहि आर्गॉन सोडावा. पोटांत जाणाऱ्या वस्तूचा सांधा हा केवळ बळाचा प्रश्न नाहीं. तो घरांतल्या लेकरांच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

आतां पंपाकडे वळूं. बिडांत शंभरांत सुमारें तीन भाग, कधीं अधिक, कार्बन असतो. साध्या पोलादांत तो पाव भागाच्या आसपास असतो. करड्या बिडांतील हा कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपानें विखुरलेला असतो. प्रत्येक पापुद्रा म्हणजे पोटांतील एक बारीक चीर. म्हणून बीड दाब पुष्कळ सोसतें, पण ताण सोसत नाहीं. तें पोलादाप्रमाणें लांबत नाहीं, वांकत नाहीं, सरळ फुटतें. सांधा भरतांना तापलेला भाग फुगतो, थंड होतांना आकसतो. पोलाद थोडें ओढलें जाऊन तो ताण पचवतें, बीड मात्र तडकतें. शिवाय वितळलेलें बीड झटकन थंड झालें कीं त्यांतील कार्बनाला ग्रॅफाइट होण्यास वेळ मिळत नाहीं, आणि सांध्यालगत कांचेसारखा कठीण पट्टा तयार होतो. कानस त्यावर घसरते, ड्रिल बोथटतें, आणि तडा नेमका त्याच पट्ट्यांतून जातो. बागाइतदाराच्या पंपाचा 'टण्' हा आवाज त्याच पट्ट्याचा होता.

बिडाची दुरुस्ती ज्योत पेटवण्याच्या पुष्कळ आधीं सुरू होते. प्रथम तडा कोठपर्यंत गेला आहे हें पाहावें. डोळ्यांना दिसतो त्यापेक्षां तो नेहमी लांब असतो. त्यासाठीं जुना व बिनखर्ची उपाय असा : तड्यावर रॉकेल लावावें, थोड्या वेळानें तें कोरडें पुसावें, आणि वर खडू फिरवावा. भेगेंत शिरलेलें रॉकेल खडूवर ओली रेघ काढून तड्याचा खरा शेवट दाखवतें. त्या शेवटाच्या किंचित् पलीकडे लहानसें भोंक पाडावें, म्हणजे तडा पुढें धांवत नाहीं. हें भोंक न पाडतां केलेली दुरुस्ती म्हणजे सापाचें शेपूट धरून डोकें मोकळें सोडण्यासारखें आहे.

नंतर तड्याच्या दोन्ही कडा छिन्नीनें किंवा ग्राइंडरनें उतरत्या करून खांच करावी, आणि भोंवतालची ओतकामाची मूळ कातडी, वाळू, रंग घासून काढावा. जुन्या पंपांचें व इंजिनांचें बीड वर्षानुवर्षें तेल प्यालेलें असतें. वरून पुसलें तरी ज्योत लागतांच आंतील तेलाचा धूर होतो आणि सांध्यांत बुडबुडे राहतात. असें बीड आधीं मंद ज्योतीनें भाजून तेल जाळून टाकावें, पुन्हां घासावें, आणि पहिल्या रेघेंत बुडबुडे दिसले तर ती रेघ काढून टाकून पुन्हां भरावी. सच्छिद्र रेघेवर दुसरी रेघ चढवून दोष झांकतां येतो, घालवतां येत नाहीं.

यापुढें मार्ग दोन, आणि त्यांची सरमिसळ करूं नये. पहिला उष्ण मार्ग. संपूर्ण वस्तु, केवळ तड्याची जागा नव्हे, भट्टींत किंवा कोळशाच्या शेगडीवर हळूहळू पांचशें-सहाशें अंशांपर्यंत तापवावी, तापलेलीच ठेवून बिडाच्या रॉडानें भरावी, आणि मग कोरड्या राखेंत, चुन्यांत किंवा वाळूंत पुरून दुसऱ्या दिवसापर्यंत निवूं द्यावी. या मार्गानें सांधा मूळ बिडासारखाच होतो व त्यावर यंत्रकाम करतां येतें. पण त्याला भट्टी हवी, कोळसा हवा, आणि सर्वांत दुर्मिळ अशी वस्तु, वेळ हवा.

दुसरा शीत मार्ग. येथें निकेलाचा किंवा निकेल-लोखंडाचा रॉड घेतात. निकेल मऊ असतें, आणि बिडांतून आलेल्या कार्बनानें तें कठीण होत नाहीं. जाड अंगाच्या कामाला निकेल-लोखंडाचा रॉड अधिक मानवतो. प्रवाह जमेल तितका कमी ठेवावा, आणि एका वेळीं इंचभरच रेघ भरावी. रेघ तापलेली असतांच तीवर हातोडीच्या गोल टोकानें हलके हलके ठोके द्यावे. त्या ठोक्यांनीं ती पसरते व आकसण्याचा ताण उतरतो. मग ती जागा हाताला सोसेल इतकी निवल्याशिवाय पुढची रेघ भरूं नये, आणि पुढची रेघहि लगतच न भरतां दूर भरावी. दहा इंचांच्या तड्याला या रीतीनें सहज अर्धा दिवस लागतो. निववण्यासाठीं पाणी ओतणें, ओलें फडकें ठेवणें किंवा पंख्यासमोर काम धरणें म्हणजे केलेल्या कामावर पाणी सोडणेंच होय.

आणखी एक तिसरी वाट आहे, तिचा विसर पडतां कामा नये. ती पितळेच्या झाळण्याची. येथें बीड वितळवीतच नाहींत. गॅसच्या ज्योतीनें कडा लालसर करून सुमारें नऊशें अंशांच्या आसपास पितळी रॉड त्यांवर पसरवतात. बीड न वितळल्यानें कठीण पट्टा होण्याचा धोका पुष्कळ कमी. पाण्याच्या पंपाला, यंत्राच्या बैठकीला, हातगिरणीच्या चाकाला हा जोड उत्तम. जो भाग फार तापतो, उदाहरणार्थ इंजिनाचा धूर नेणारा नळ, त्याला तो देऊं नये. रंग जुळत नाहीं म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतें. पण विहिरीवरील पंपाला रंग पाहण्यास कोण जातें?

आऱ्यांच्या चाकाची मात्र गंमत निराळी आहे. एक आरा तुटला म्हणून तेवढाच तापवून जोडला, तर निवतांना तो आकसतो, आणि परीघ त्याला जागा देत नाहीं. म्हणून तोच आरा किंवा शेजारचा फुटतो. अशा वेळीं अख्खें चाक तापवावें; तें न साधल्यास तुटलेल्या आऱ्याजवळचा परीघ आधीं तापवून थोडा फुगवावा, मग सांधा भरावा, म्हणजे सर्व भाग एकत्रच आकसतात. ओतीव वस्तु ही एकत्र कुटुंबासारखी असते. एकाला तापवून इतरांना थंड ठेवलें कीं कोठें तरी तडा जाणारच.

दोन्ही धातूंना समान असे कांहीं दोष आहेत. नागपूरच्या पावसाळ्यांत रॉडाचें वेष्टण ओलावा धरतें, आणि त्या ओलाव्यानें सांध्यांत छिद्रें पडतात. पुडा उघडा टाकूं नये. दमट रॉड करणाऱ्यानें सांगितलेल्या तापमानावर शेकून घ्यावे. उन्हांत वाळवणें पुरेसें नाहीं; वैशाखाचें ऊनहि रॉडाला थंडच आहे. काम संपल्यावर परीक्षा घेतल्याशिवाय तें गिऱ्हाइकाच्या हातीं देऊं नये. टाकींत पाणी भरून ठेवावें. पंपाच्या आंतून रॉकेल व बाहेरून खडू लावून पाहावें.

आणि कांहीं कामें करूंच नयेत. मोटारीच्या ब्रेकचे वा चाक वळवण्याच्या यंत्रणेचे ओतीव भाग, वाफेचा दाब सोसणारीं बिडाचीं पात्रें, ओझें उचलणारे आंकडे, यांचा सांधा सुटला तर माणूस मरतो. तेथें 'नवीन आणा' एवढेंच सांगणें हेंच मिस्त्रीचें कर्तव्य. ज्या टाकींत पूर्वीं तेल, पेट्रोल किंवा अज्ञात रसायन होतें ती नीट धुऊन निर्धोक केल्याशिवाय ज्योतीजवळ आणूं नये. नाहीं म्हणण्यानें एक गिऱ्हाईक जाईल. हो म्हणण्यानें कदाचित् दोन घरें जातील.

सांध्यापेक्षांहि मौल्यवान अशी एक वस्तु दुकानांत असते, ती म्हणजे मिस्त्रीचा स्वतःचा देह. स्टेनलेसच्या ज्योतींतून निघणाऱ्या धुरांत क्रोमियमचें एक विषारी रूप असतें. तें फुप्फुसांना कर्करोगापर्यंत नेऊं शकतें. २०१७ सालीं कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनें वेल्डिंगच्या सर्वच धुराची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. म्हणून काम उघड्यावर किंवा धूर ओढणाऱ्या पंख्यापाशीं करावें, डोकें धुराच्या लोटांत घालूं नये, व साधा रुमाल तोंडाला बांधून निश्चिंत होऊं नये. रुमाल धूर अडवीत नाहीं. आर्गॉन वायु हवेपेक्षां जड असून त्याला वास नाहीं. बंद टाकींत तो सांचला तर आंतील माणूस हांकहि न मारतां बेशुद्ध होतो. आंत एक माणूस असेल तर बाहेर एक उभा असावा, आणि आंत ताजी हवा असावी. कांहीं द्रव साफसफाईला वापरतात, त्यांपैकीं क्लोरीन असलेल्या द्रवांची वाफ ज्योतीपाशीं विषारी वायु होते. ते या कामांत आणूंच नयेत. उन्हाळ्यांत उकडतें म्हणून अंगांतील सदरा काढून ज्योत पेटवणारा कारागीर संध्याकाळीं होरपळलेली कातडी घेऊन घरीं जातो; आणि कांच न धरतां टांका घालणारा रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखा तळमळतो. शेजारीं उभ्या असलेल्या शिकाऊ पोराचे डोळेहि तितकेच नाजूक आहेत, हें विसरूं नये.

येथवर सांगितलेलें सारें ऐकून मिस्त्री म्हणेल कीं, हें खरें असलें तरी गिऱ्हाइकाला घाई असते. हा आक्षेप खोटा नाहीं. बागाइतदाराला संध्याकाळीं पाणी हवें आहे, आणि मिस्त्रीच्या घरींहि चूल पेटायची आहे. तासाभराच्या कामाचे पैसे देणारें गिऱ्हाईक अर्ध्या दिवसाचे पैसे देतांना कुरकुरतें. परंतु तासाभराच्या कामानें पंप दुसऱ्या दिवशीं पुन्हां दुकानांत येतो, तेव्हां एक दिवस, एक फेरी, एक रॉडांचा पुडा आणि थोडीशी पत इतकें दोघांचें गेलेलें असतें. झाडांचें पाणी तर त्याहून एक दिवस अधिक तुटलेलें असतें. म्हणून ज्योत पेटवण्यापूर्वीं दोन वाक्यें बोलण्याची संवय मिस्त्रीनें लावून घ्यावी : हें बीड आहे, याला उद्यां दुपारपर्यंत वेळ लागेल, तोंवर शेजाऱ्याचें पाणी मागून घ्या. खेड्यापाड्यांत शेजाऱ्याचा पंप एका रात्रीसाठीं मिळणें अजून अवघड झालेलें नाहीं.

आणि गिऱ्हाइकानेंहि एक गोष्ट शिकावी. दुकानांत वस्तु टेकवतांच 'किती वेळ?' असें विचारण्यापूर्वीं 'हा धातु कोणता, आणि याला काय मानवतें?' असें विचारावें. ज्या दुकानांत या प्रश्नाचें उत्तर मिळतें, तेथें थोडे अधिक पैसे देण्यास कचरूं नये. कारण तेथें केवळ रॉडाचे पैसे द्यावयाचे नसतात. स्टेनलेस असेल तर थांबून थांबून भरण्याच्या संयमाचे, आणि बीड असेल तर राखेंत रात्रभर निवूं देण्याच्या धीराचे ते पैसे असतात.